ही उंची कशापासून? विमानाच्या उंचीमापकातील दाबाचा आकडा समजून घेताना

मराठीत आपण कळसूबाईची उंची म्हणतो, इमारतीची उंची म्हणतो आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचीही उंचीच म्हणतो. कळसूबाईची 1,646 मीटर ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते, इमारतीची तिच्या पायथ्यापासून, आणि 35,000 फुटांवरून चाललेल्या प्रवासी विमानाची उंची या दोहोंपैकी कशापासूनच मोजलेली नसते. ती एका मानीव दाबपातळीपासून मोजलेली असते, आणि ती पातळी त्या दिवशी खऱ्या समुद्रसपाटीच्या वर असेल किंवा खाली असेल. रोजच्या बोलण्यात एकाच शब्दाने भागते. कॉकपिटमध्ये मात्र या तीन उंची वेगळ्या ठेवाव्याच लागतात. बारामती, धुळे, गोंदिया किंवा नागपूर येथे उड्डाण शिकायला आलेल्या मराठी विद्यार्थ्याची पहिली अडचण बहुधा येथेच असते, असे मला वाटते. गणित त्याला येत असते. एका शब्दाच्या पोटातले तीन अर्थ त्याने अजून सुटे केलेले नसतात. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारायचा आहे: ही उंची कशापासून?

यंत्र काय मोजते

साधा उंचीमापक म्हणजे फुटांत आखलेला वायुदाबमापक होय. त्याच्या आत पातळ धातूच्या, हवा काढून बंद केलेल्या डब्या असतात. विमानाच्या अंगावरील स्थिर दाबाच्या छिद्रांतून, म्हणजे स्टॅटिक पोर्टमधून, बाहेरच्या हवेचा दाब यंत्राच्या पेटीत येतो. विमान वर गेले की दाब घटतो, डब्या फुगतात आणि ती हालचाल दातेरी चाकांमार्फत काट्यांपर्यंत पोहोचते. जमीन कोठे आहे आणि समुद्र कोठे आहे, हे या यंत्राला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. त्याला केवळ दाब समजतो.

दाबाचे फुटांत रूपांतर करण्यासाठी एक ठरावीक वातावरण गृहीत धरलेले असते. या आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला दाब 1013.25 हेक्टोपास्कल व तापमान 15 अंश सेल्सिअस असते, आणि सुमारे 36,000 फुटांपर्यंत दर 1,000 फुटांमागे तापमान जवळजवळ 2 अंशांनी उतरते. हेक्टोपास्कल आणि जुन्या पुस्तकांतील मिलिबार ही एकाच परिमाणाची दोन नावे आहेत. प्रत्यक्ष हवा या गृहीतकाप्रमाणे क्वचितच वागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जानेवारीत समुद्रसपाटीचा दाब या प्रमाण आकड्याच्या आसपास असतो, तर भर पावसाळ्यात तो साधारण दहा हेक्टोपास्कलने खाली उतरलेला असतो. म्हणून यंत्राला आरंभबिंदू सांगण्याची सोय लागते. काट्यांच्या तबकडीवर एक लहान खिडकी असते, तिच्यात दाबाचा आकडा दिसतो आणि तबकडीच्या कडेची गुंडी फिरवून तो बदलता येतो. जर्मनीत जन्मलेले अभियंते पॉल कॉल्समन यांच्या नावावरून तिला कॉल्समन विंडो म्हणतात. त्यांनी 1928 मध्ये घडवलेल्या संवेदनशील उंचीमापकाचा उपयोग करून अमेरिकन वैमानिक जिमी डूलिटल यांनी 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर, बाहेरचे काहीही न पाहता, केवळ यंत्रांच्या आधारे विमान उडवून परत उतरवले होते.

खिडकीत जो आकडा लावतो, त्या दाबाच्या पातळीला यंत्र शून्य फूट मानते आणि तेथून वर मोजू लागते. या एका वाक्यात सगळा विषय आहे. पुढचे सारे हिशेब त्यातूनच निघतात, म्हणून ते पाठ करण्यापेक्षा पटवून घ्यावे.

तीन आकडे आणि तीन उंची

रेडिओ-टेलिग्राफच्या काळात लांब वाक्यांऐवजी क्यू अक्षराने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत वापरले जात. दाबासाठी वापरले जाणारे क्यूएनएच, क्यूएफई आणि क्यूएनई हे त्यांच्यापैकीच होत. विद्यार्थी या अक्षरांची इंग्रजी फोड करून लक्षात ठेवतात. त्याला हरकत नाही, पण ती फोड मागाहून जुळवलेली आहे, मूळ अर्थ नव्हे.

क्यूएनएच म्हणजे विमानतळावर मोजलेला दाब, प्रमाण वातावरणाच्या नियमाने समुद्रसपाटीपर्यंत उतरवून काढलेला आकडा. तो खिडकीत लावला की जमिनीवर उभे असलेले विमान त्या विमानतळाची समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर क्यूएनएच लावून उभे राहिल्यास काटे सुमारे 1,940 फुटांवर असावेत. नकाशावरील डोंगर, मनोरे आणि विद्युतवाहिन्यांचे खांब समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत दिलेले असतात, त्यामुळे डोंगराची आणि विमानाची उंची थेट ताडून पाहता येते. या उंचीला वैमानिक अल्टिट्यूड म्हणतात.

क्यूएफई म्हणजे खुद्द विमानतळाच्या पातळीवरील दाब. तो लावला की उभ्या विमानाचा काटा शून्यावर येतो आणि हवेत गेल्यावर त्या धावपट्टीपासूनची उंची, म्हणजे हाइट, दिसते. सर्किटचा, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा, सराव करताना हे सोयीचे वाटते आणि ब्रिटनच्या लष्करी विमानदळात ही पद्धत बराच काळ रुळलेली होती. मात्र विमानतळापासून दूर गेले की हा आकडा निरुपयोगी ठरतो, कारण पुढच्या डोंगराची उंची त्या धावपट्टीपासून कोणीच छापलेली नसते. नवशिक्याने आरंभापासून क्यूएनएचचीच सवय लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा आकडा म्हणजे प्रमाण दाब 1013.25, व्यवहारात 1013. तो लावला की काटा जी उंची दाखवतो, तिला प्रेशर अल्टिट्यूड म्हणतात आणि तिचेच शेवटचे दोन शून्य सोडले की फ्लाइट लेव्हल मिळते. 35,000 फूट म्हणजे फ्लाइट लेव्हल 350. क्यूएनई या संकेताचा संबंध याच आकड्याशी आहे, पण बोलताना सर्वजण स्टँडर्ड असेच म्हणतात. येथे खऱ्या उंचीचा आग्रह सोडून दिलेला असतो. वर डोंगर नसतात. असतात ती दुसरी विमाने. मुंबईहून निघालेल्या आणि दिल्लीहून आलेल्या विमानांनी आपापल्या गावचा क्यूएनएच लावून ठेवला, तर दोघांचे काटे 1,000 फुटांचे अंतर दाखवत असतानाही प्रत्यक्ष अंतर कितीतरी कमी असू शकेल. सर्वांनी एकच आकडा लावला की सगळ्यांची चूक सारखी होते, आणि सारखी चूक परस्परांतील अंतराला धक्का लावत नाही.

हिशेब हातात बसवणे

समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 27 फूट. वर हवा विरळ होत जाते तसे हे अंतर वाढते आणि दोन हजार फुटांच्या सुमारास ते 29 फुटांच्या जवळ जाते. तोंडी हिशेबासाठी बरेच वैमानिक 30 धरतात. पुढील उदाहरणांत खाली 27 आणि दख्खनच्या पठारावर सरासरी म्हणून 28 धरले आहे.

दिशा चुकू नये यासाठी एक नियम पुरेसा आहे: खिडकीतला आकडा वाढवला की काट्यावरची उंची वाढते, आकडा घटवला की उंची घटते. उभ्या विमानात गुंडी दोन्ही बाजूंना फिरवून हे डोळ्यांनी पाहावे. पुस्तकातून दहा वेळा वाचण्यापेक्षा हे एकदा पाहिलेले अधिक टिकते.

आता लोहगावचा क्यूएफई काढू. समजा क्यूएनएच 1005 आहे आणि विमानतळाची उंची 1,940 फूट. 1,940 ला 28 ने भागल्यास 69 येतात, म्हणजे धावपट्टीच्या पातळीवर दाब साधारण 936 हेक्टोपास्कल असणार. पठारावरील विमानतळांचा क्यूएफई असा खूप खाली असतो, आणि काही जुन्या उंचीमापकांच्या खिडकीत इतका खालचा आकडा येतच नाही. लेहसारख्या साडेदहा हजार फुटांहून उंच विमानतळावर तर त्याचा विचारच सोडावा.

दुसरे उदाहरण चूक कशी होते याचे. समजा जुलै महिन्यात एक लहान विमान गोव्याहून 1008 हा क्यूएनएच लावून निघाले आणि टप्प्याटप्प्याने नागपूरला पोहोचले, जेथे क्यूएनएच 1001 आहे. पावसाळ्यात दक्षिणेकडून मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याकडे जाताना दाब असा उतरत जाणे स्वाभाविक असते. वाटेत वैमानिकाने आकडा बदललाच नाही, तर खिडकीत सात हेक्टोपास्कल जास्त राहिले, म्हणून काटा सुमारे 190 फूट जास्त उंची दाखवत राहिला. वैमानिकाला वाटते आपण 3,000 फुटांवर आहोत. प्रत्यक्षात तो 2,810 फुटांवर आहे. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाताना न बदललेला उंचीमापक उंची फुगवून सांगतो, आणि धोका असतो तो याच बाजूला. उलट दिशेच्या प्रवासात चूक तेवढीच होते, पण विमान समजुतीपेक्षा उंच राहते.

हीच बाब हवामान अहवालातही विचारात घेतलेली आहे. मेटार या नियमित अहवालात क्यूएनएच पूर्ण हेक्टोपास्कलमध्ये देतात आणि अपूर्णांक नेहमी खालच्या बाजूला सोडून देतात. मोजलेला दाब 1005.9 असला तरी अहवालात 1005 च येतो. खिडकीत थोडा कमी आकडा गेला तर काटा थोडी कमी उंची दाखवतो, म्हणजे विमान दाखवलेल्या उंचीपेक्षा जरा वरच असते. शाळेतल्या सवयीने 1006 करण्याचा मोह विद्यार्थ्याला होतो, तो टाळावा.

जमिनीवर, इंजिन सुरू झाल्यावर

पहिली पायरी म्हणजे ताजा आकडा मिळवणे. तो मेटारमधून, ध्वनिमुद्रित एटिस प्रसारणातून किंवा टॉवरकडून मिळतो. आकडा ऐकताच कागदावर लिहावा, त्याच्यापुढे वेळ लिहावी, मग खिडकीत लावावा आणि लावल्यावर पुन्हा कागदाकडे पाहावे. नियंत्रकाने दिलेला क्यूएनएच एकेक अंक उच्चारून परत सांगणे बंधनकारक आहे. नुसते ‘रॉजर’ चालत नाही. दोन उंचीमापक असतील तर दोन्ही लावून त्यांची एकमेकांशी तुलना करावी.

दुसरी पायरी म्हणजे यंत्राची परीक्षा. ज्या जागी विमान उभे आहे त्या जागेची उंची ठाऊक असली पाहिजे. विमानतळाची अधिकृत उंची ही उतरण्याच्या क्षेत्रातील सर्वांत उंच बिंदूची असते, त्यामुळे एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, दहा-वीस फुटांचा फरक दिसणे हे यंत्राचा दोष असल्याचे लक्षण नव्हे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सामान्य उंचीमापकासाठी 60 फुटांपर्यंतचा फरक मान्य आहे, तर अमेरिकेत 75 फुटांचा दंडक सांगतात. त्याहून अधिक फरक दिसला तर ‘एवढी चूक आहे, ती मनात धरून उडू’ असा विचार करू नये. आधी आकडा पुन्हा विचारून घ्यावा, आणि तोच बरोबर निघाला तर विमान दुरुस्तीकडे द्यावे. खिडकीत मुद्दाम वेगळा आकडा लावून काटा जुळवून घेणे तर कधीच करू नये, कारण त्याने दोष झाकला जातो आणि तो पुढे हवेत उघडा पडतो.

विमानाभोवती फेरी मारताना स्टॅटिक पोर्ट मोकळे आहेत, हे बोटाने न झाकता, डोळ्यांनी पाहावे. 2 ऑक्टोबर 1996 रोजी पेरूतील लिमाहून निघालेल्या एका बोइंग 757 विमानाच्या या छिद्रांवर धुताना लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात समुद्रावर वैमानिकांना खरी उंची व वेग कळू शकला नाही आणि विमानातील सर्व 70 जण मृत्युमुखी पडले. यंत्रापर्यंत बाहेरचा दाबच पोहोचला नाही, तर खिडकीतला आकडा कितीही अचूक असला तरी त्याचा काही उपयोग नसतो.

काटे वाचण्याची सवयही येथेच, इंजिन मंद चालत असताना करावी. तीन काट्यांच्या जुन्या उंचीमापकात शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा असे वेगळे काटे असतात, आणि सर्वांत लहान खुणेकडे दुर्लक्ष झाले तर वाचनात एकदम दहा हजार फुटांची चूक होते. 24 डिसेंबर 1958 रोजी इंग्लंडमधील विंकटनजवळ ब्रिटानिया जातीचे विमान अशाच चुकीच्या वाचनामुळे जमिनीवर आदळले होते.

वर जाताना

प्रत्येक विमानतळासाठी एक ट्रान्झिशन अल्टिट्यूड ठरवलेली असते. तिच्यापर्यंत क्यूएनएच लावून अल्टिट्यूडमध्ये बोलायचे आणि ती ओलांडून वर जाताना खिडकीत 1013 लावून फ्लाइट लेव्हलमध्ये बोलायचे. हा आकडा जगभर एकच नाही. अमेरिका व कॅनडात तो 18,000 फूट आहे, न्यूझीलंडमध्ये 13,000, ऑस्ट्रेलियात 10,000, तर ब्रिटनमध्ये अनेक भागांत केवळ 3,000 फूट. भारतात तो विमानतळानुसार ठरतो आणि एआयपी या अधिकृत वैमानिकी माहिती-पुस्तिकेत व त्या त्या विमानतळाच्या तक्त्यांवर छापलेला असतो. पाठ केलेल्या आकड्यावर न विसंबता प्रत्येक वेळी चालू तक्ता पाहावा.

उतरताना जी पातळी ओलांडल्यावर पुन्हा क्यूएनएच लावायचा, ती ट्रान्झिशन लेव्हल होय आणि ती दाबानुसार बदलते. ती का बदलते हे बहुतेक विद्यार्थ्यांना परीक्षेपुरते येते, पण पटलेले नसते, म्हणून येथे जरा थांबू. समजा ट्रान्झिशन अल्टिट्यूड 4,000 फूट आहे आणि क्यूएनएच 1003. 1013 आणि 1003 यांत दहाचा फरक, म्हणजे 270 फूट. समुद्रसपाटीलाच दाब 1003 असल्याने 1013 ची पातळी समुद्राच्या पृष्ठभागाच्या 270 फूट खाली कल्पावी लागते. फ्लाइट लेव्हल 40 ही त्या खालच्या पातळीपासून 4,000 फूट मोजते, म्हणून ती समुद्रसपाटीपासून केवळ 3,730 फुटांवर येते. एक विमान 4,000 फुटांच्या अल्टिट्यूडवर आणि दुसरे फ्लाइट लेव्हल 40 वर असेल, तर कागदावर ती दोघे एकाच उंचीवर दिसतील आणि प्रत्यक्षात फ्लाइट लेव्हलवरचे विमान 270 फूट खाली असेल. हे टाळण्यासाठी अशा दिवशी त्याहून वरची लेव्हल पहिली वापरण्याजोगी ठरवतात. ट्रान्झिशन अल्टिट्यूड आणि ट्रान्झिशन लेव्हल यांच्या मधला थर केवळ चढण्या-उतरण्यासाठी असतो; त्यात सपाट उड्डाण करायचे नसते.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर क्यूएनएच बहुतेक वेळ 1013 च्या खालीच असतो. म्हणजे त्या चार महिन्यांत खालच्या फ्लाइट लेव्हल त्यांच्या नावातील फुटांपेक्षा समुद्रसपाटीच्या जवळ आलेल्या असतात. घाटमाथा ढगांत असतो तोही याच महिन्यांत. कळसूबाई 5,400 फूट आहे आणि सह्याद्रीची इतर शिखरेही फार मागे नाहीत; तेव्हा येथे 1013 लावून डोंगराशी तुलना करणे ही निव्वळ तांत्रिक चूक समजू नये.

नवशिक्याला सहसा न सांगितली जाणारी एक बाब येथेच सांगितली पाहिजे. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारा विमानातील संच, नियंत्रकाकडे जी उंची पाठवतो, ती नेहमी 1013.25 वरूनच मोजलेली असते; तुमच्या खिडकीतील आकड्याचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही. खालच्या उंचीवर रडारची संगणकप्रणाली तिच्यात स्थानिक क्यूएनएचची दुरुस्ती करून पडद्यावर दाखवते. म्हणून नियंत्रकाने ‘तुमची उंची तपासा’ असे म्हटले, तर काट्याकडे पाहून ‘बरोबर आहे’ असे उत्तर देऊ नये. आधी खिडकीकडे पाहावे.

खाली येताना

सर्वांत घातक चुका उतरताना होतात, कारण जमीन जवळ येत असते, काम वाढलेले असते आणि आकडा रेडिओवरून घाईत आलेला असतो. 23 मे 2022 रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाकडे एक एअरबस 320 येत होते. क्यूएनएच 1001 होता. नियंत्रकाकडून 1011 सांगितला गेला. वैमानिकांनी तोच परत म्हणून दाखवला आणि तोच लावला. दहा हेक्टोपास्कलच्या या फरकाने विमान अपेक्षित मार्गाच्या सुमारे 280 फूट खालून उतरू लागले. पाऊस व ढगांमुळे धावपट्टी दिसत नव्हती, आणि उतरण्याचा उभा मार्ग उंचीमापकाच्या दाबावरच आखलेला असल्यामुळे सर्व काटे व रेषा परस्परांशी जुळलेल्या, निर्दोष दिसत होत्या. वैमानिकांनी विमान वर घेतले तोवर ते धावपट्टीच्या अलीकडे जमिनीपासून अवघ्या सहा फुटांपर्यंत आले होते. कोणालाही इजा झाली नाही. फ्रान्सच्या अपघात अन्वेषण यंत्रणेने या घटनेची सविस्तर चौकशी केली.

या घटनेत रीडबॅक, म्हणजे ऐकलेला आकडा परत म्हणणे, झाले होते आणि तरीही ते उपयोगी पडले नाही, कारण चुकीचा आकडा अचूकपणे परत म्हटला गेला. म्हणून रीडबॅकला दुसऱ्या, स्वतंत्र स्रोताची जोड हवी. उतरण्यास आरंभ करण्यापूर्वी एटिसवरून किंवा मेटारवरून क्यूएनएच लिहून ठेवावा आणि नियंत्रकाकडून आलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. एका हेक्टोपास्कलचा फरक समजण्याजोगा आहे. तीन-चारांचा फरक दिसला तर नि:संकोच पुन्हा विचारावे. वळवाच्या पावसात वादळाच्या पुढच्या थंड वाऱ्याबरोबर दाब काही मिनिटांतही हलतो, तेव्हा फरक खराही असू शकतो. पण तो खरा आहे हे विचारल्यानेच कळते. रेडिओवर प्रश्न विचारण्याची भीड मराठी मुला-मुलींना, विशेषतः इंग्रजीचा सराव कमी असलेल्यांना, फार असते. ‘कन्फर्म क्यूएनएच’ हे दोनच शब्द आहेत. ते न लाजता उच्चारण्याची सवय पहिल्या महिन्यातच लावावी.

आयएलएस, म्हणजे रेडिओवर चालणारी उतरण्याची मार्गदर्शक यंत्रणा, असलेल्या धावपट्टीवर उभा मार्ग जमिनीवरील रेडिओ किरणावरून मिळतो, दाबावरून नव्हे. म्हणून ठरलेल्या बिंदूवर तक्त्यातील उंची आणि काट्यावरील उंची जुळते का, हे पाहणे ही क्यूएनएचची उत्तम परीक्षा ठरते.

तापमान

क्यूएनएच बरोबर असला तरी हवा प्रमाणापेक्षा थंड किंवा उष्ण असेल तर काटा थोडा चुकतो. ही चूक विमानतळाच्या पातळीवर शून्य असते आणि वर जावे तशी वाढते. दर दहा अंशांच्या फरकामागे विमानतळापासूनच्या उंचीच्या साधारण चार टक्के. थंड हवा आक्रसलेली असते, म्हणून विमान काट्यापेक्षा खाली असते. कॅनडात हिवाळ्यात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला उणे 30 अंशांना विमानतळापासून 1,000 फुटांवर 190 फुटांची दुरुस्ती करावी लागते. नागपूरच्या मे महिन्यात उलट घडते: विमान काट्यापेक्षा थोडे वरच असते. यात मात्र फसवे समाधान मानू नये. क्यूएनएच 1002, तापमान 44 अंश आणि विमानतळ सुमारे 1,030 फुटांवर असेल, तर प्रेशर अल्टिट्यूड 1,330 फुटांच्या जवळ येते आणि उष्णतेचा हिशेब धरल्यावर विमानाला हवा 5,000 फुटांवर असावी तशी विरळ लागते. उड्डाणासाठी लागणारी धावपट्टी त्या आकड्यावरून काढायची असते आणि त्या हिशेबाची सुरुवात खिडकीत 1013 लावून काटा वाचण्यापासूनच होते. वाचून झाल्यावर क्यूएनएच पुन्हा लावण्यास विसरू नये.

परदेशी शिकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात, 1013.25 हेक्टोपास्कल म्हणजे 29.92 इंच, आणि एक इंच म्हणजे ढोबळमानाने 1,000 फूट. तेथून परवाना घेऊन परतलेल्या वैमानिकाने एका सापळ्यापासून जपावे. दाब फार उतरलेल्या दिवशी नियंत्रकाने ‘नाइन नाइन टू’ म्हटले, तर सवयीने हात 29.92 कडे वळतो. सांगितलेले असतात 992 हेक्टोपास्कल आणि लावले जातात 1013; फरक 21 चा, म्हणजे काटा जवळजवळ 570 फूट अधिक दाखवू लागतो. आकड्याबरोबर परिमाणही बोलावे आणि लिहावे.

विमानाशिवाय सराव

हा विषय हातात बसण्यासाठी उड्डाणाचा तास लागत नाही. ट्रेकसाठी वापरले जाणारे दाबावर चालणारे घड्याळ किंवा दाबमापक असलेला मोबाइल पुरतो. पहिला प्रयोग असा: घड्याळ दिवसभर टेबलावर ठेवावे आणि सकाळी 10 व दुपारी 4 वाजता त्यावरील उंची लिहून घ्यावी. आपल्या उष्ण प्रदेशात दाब रोज सकाळी 10 च्या सुमारास चढतो आणि दुपारी 4 च्या सुमारास उतरतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा असतो. टेबल जागचे न हलताही घड्याळ 80 ते 100 फूट वर चढलेले दिसेल. सकाळी लावलेला क्यूएनएच दुपारच्या उड्डाणाला का चालत नाही, हे त्या दोन आकड्यांत दिसते.

दुसरा प्रयोग क्यूएनएच काढण्याचा. मोबाइलवर प्रत्यक्ष दाब वाचावा, घराची समुद्रसपाटीपासूनची उंची नकाशावरून घ्यावी आणि फुटांना 28 ने भागून आलेला आकडा त्यात मिळवावा. पुण्यात 1,840 फुटांवरील घरात 938 दिसले, तर 66 मिळवून 1004 येतात. मग त्याच वेळेचा पुण्याचा मेटार उघडून पाहावा. एक-दोन हेक्टोपास्कलचा फरक मोबाइलच्या मापकाचा असू शकतो. तो अधिक असेल तर नकाशावरील उंची जमिनीची होती आणि आपण सातव्या मजल्यावर बसलो आहोत का, हे आधी तपासावे.